सासऱ्याच्या दारूवर चालणारं यंत्र

लुबोर हान्झलिकचा धंदाच असा, की दिवसभर लोकांना निवड करायला लावायची. मिकुलोवच्या चौकात चष्म्याचं दुकान आहे. तिथे तो गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड तपासणीची फ्रेम चढवतो, एक भिंग काढतो, दुसरं घालतो आणि मऊ आवाजात विचारतो, "हे बरं की हे?" समोरची आजीबाई गोंधळली तर पुन्हा तेच भिंग घालून पुन्हा विचारतो. तीस वर्षं हा माणूस लोकांकडून अशी उत्तरं वसूल करत आला, आणि स्वतःला सायकलची घंटा घ्यायची होती तेव्हा मात्र त्याचा अख्खा उन्हाळा गेला. शेवटी ब्लाझेनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, सायकलच विकून टाकली.

दुसरी गंमत अशी, की हा बिअरवाला माणूस राहायचा वाइनच्या गावात. आमचं मोराव्हियातलं डोल्नी लिपा म्हणजे घरटी एक द्राक्षमळा आणि टेकडीच्या पोटात घरटी एक तळघर. इथलं मूल रांगायला लागलं की आधी तळघराच्या पायऱ्या ओळखतं, मग बापाला. लुबोर पार तिकडे बोहेमियातला, झातेत्सकडचा, जिथे बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉप्सचे वेल खांबांवर चढतात. ब्लाझेनाच्या प्रेमात पडून तो घरजावई होऊन इकडे आला. पहिल्या दिवशी सासऱ्याने, फ्लोरियान म्हाताऱ्याने, त्याला तळघरात नेलं आणि आपल्या सगळ्यात जुन्या पिंपातली वाइन पेल्यात काढून दिली. लुबोरला तहान लागली होती. जी वाइन घोटाघोटाने चाखायची, तिचा पेला त्याने घटाघटा रिकामा केला आणि तोंड पुसलं. गावाने ते अजून विसरलेलं नाही.

तेव्हापासून फ्लोरियान त्याला 'पाव्हणं' म्हणायचा. लेकीचं लेकरू लग्नाला आलं, लुबोरचे केस गेले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी हाक तीच. तळघराची जुनी लोखंडी किल्ली म्हाताऱ्याच्या जाकिटाच्या खिशात असायची आणि तिच्याबद्दलचा नियमही तो चारचौघांत बोलून दाखवायचा. "तळघराची किल्ली पाव्हण्याच्या हाती देत नसतात."

लुबोर दर हिवाळ्यात घरामागच्या शेडमध्ये बिअर करायचा. चांगली करायचा. गल्लीतले पक्के वाइनवाले अंधार पडला की हळूच शेडकडे वळायचे आणि "सहज आलो होतो" म्हणत दोन मोठे मग संपवून जायचे. फक्त फ्लोरियानने कधी ओठ लावला नाही. "म्या बिअर घेत न्हाई," एवढंच म्हणायचा, एखादा शुक्रवारी मटण घेत नाही म्हणतो तसं. त्यात राग नव्हता, म्हणून तर ते जास्त झोंबायचं. इतकी वर्षं एका टेबलावर जेवून सासऱ्याने आपल्या हातचा एक घोट घेऊ नये, हे लुबोरला फार लागायचं. तो कधी बोलला नाही. पण दरवर्षी पहिला मग भरला की तो आधी म्हाताऱ्याच्या खिडकीकडे बघायचा आणि मग तो मग स्वतःच प्यायचा.

तर त्या वर्षी फेब्रुवारीत त्याच्या लेकीने, आपोलेनाने, लग्न ठरल्याचं सांगितलं. ऑगस्टचा शेवटचा शनिवार, घरच्याच अंगणात, अक्रोडाच्या झाडाखाली.

"आणि एक सांगून ठेवते," ती म्हणाली, "लग्नात आजोबांची वाइन आणि बाबांची बिअर, दोन्ही पाहिजेत. नाहीतर मी नगरपालिकेत सही करून मोकळी होते. मग बसा तुम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत."

फ्लोरियानने मिशी चोळली. "पोरीची हौस हाय, होऊ दे. पितील ते पितील. म्या वाइन घेईन."

लुबोरला एवढंही पुष्कळ होतं. आपल्या लेकीच्या लग्नात, सगळ्या गावासमोर, सासऱ्याच्या अंगणात आपल्या बिअरचं पिंप. आणि कोण जाणे, नातीच्या आनंदात म्हाताऱ्याने एखादा घोट घेतलाच तर! हा 'तर' डोक्यात घेऊनच तो त्या रात्री झोपला.

सकाळी उठल्यावर त्याला ऑगस्ट आठवला. त्याची बिअर आंबताना तिला गारवा लागतो, आणि मुरताना तर त्याहून जास्त. हिवाळ्यात शेड आपणहून गार पडते. जुलैमध्ये त्याच शेडमध्ये पाव भाजून निघेल. टेकडीतलं तळघर बारा महिने गार असतं, पण ते मागायचीही सोय नव्हती. एकदा मागितलं होतं, तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "तुझ्या बिअरचं यीस्ट आत शिरलं तर माझी वाइन बाटंल."

म्हणजे यंत्र घेणं आलं. ही यंत्रं साधी असतात. एका पेटीत गार केलेलं पाणी असतं, पंप ते पाणी नळीने बिअरच्या टाकीकडे ढकलतो, टाकीच्या पोटात नळीची वेटोळी असतात, त्यातून ते फिरून परत पेटीत येतं. बिअर आपली बाहेरून गार होत राहते. पाणी गोठून नळी तुंबू नये म्हणून त्यात ग्लायकॉल नावाचं एक द्रव्य मिसळतात. एवढीच भानगड. कोणीही शहाणा माणूस एका शनिवारी जाऊन घेऊन आला असता.

लुबोरने मार्चपासून निवडायला सुरुवात केली.

एक यंत्र नवंकोरं, चकाचक, फोनवरून चालणारं. दुसरं ब्रनोच्या एका दुकानातलं, दणकट, पाच टाक्या सांभाळणारं. तिसरं जुनं, एका पोहण्याच्या तलावावरचा बार बंद झाला तिथून निघालेलं, दोनच टाक्यांपुरतं. रोज संध्याकाळी तो ब्लाझेनासमोर तिघांची चित्रं मांडायचा आणि दुकानातल्या आवाजात विचारायचा, "हे बरं की हे?"

"मधलं."

"मधलं मोठं आहे. आवाज करेल."

"मग पहिलं."

"पहिलं फोनवर चालतं. फोन बिघडला तर?"

"मग शेवटचं घे आणि मला बटाटे सोलू दे!"

तो निव्वळ आवाज ऐकायला एका बिअर करणाऱ्याच्या घरी गेला, यंत्राशेजारी सतरंजी टाकून आडवा झाला आणि डुलकी लागते का ते बघत पडला. डुलकी लागली. त्यावरून यंत्राचा आवाज कमी की आपण दमलेलो, हे ठरेना. मग कोणीतरी सांगितलं, की ही यंत्रं आत गारवा देतात पण स्वतः मागून गरम वारा सोडतात, छोट्या शेडमध्ये कोंडलीत तर स्वतःच्याच वाफेने दमतात. झालं. लुबोर ओलं बोट वर धरून शेडच्या कोपऱ्याकोपऱ्यात उभा राहू लागला. फ्लोरियान अंगणातल्या बाकावरून हे बघायचा.

"काय पाव्हणं, वारं पकडताय का?"

"यंत्र कुठे ठेवायचं ते बघतोय, बाबा."

"आलं का यंत्र?"

"नाही, अजून निवडतोय."

"निवडा निवडा. पोरीला पोरं झाल्यावर बारशाला तरी उपयोगी पडंल."

चेरीला फुलं आली आणि गेली. जर्दाळू धरले. सगळे जण म्हणत, "मोठं घे, लुबोर. लग्नाचं काम आहे, बिअर कमी पडते, उरत नाही." लुबोर मान हलवायचा आणि टेप घेऊन पुन्हा शेड मोजायचा. ब्लाझेना एकदा वैतागून म्हणाली, "माझ्याशी लग्न करायचं हे ठरवायला किती वेळ घेतला होतास रे?"

"ते मी नाही, तू ठरवलंस."

"मग? वाईट झालं?"

यावर लुबोर जरा विचारात पडला, आणि तो विचारात पडलेला पाहून तिने त्याला फडकं फेकून मारलं.

जूनमधल्या एका रविवारी सगळे जेवायला बसले होते. बदक भाजलं होतं, कोबी होता, पावाचे उकडलेले गोळे होते. ब्लाझेनाचा भाऊ विन्सेन्सही आला होता. हा विन्सेन्स म्हणजे गावातला सगळ्यात मोठा द्राक्षवाला आणि त्याहून मोठा तोंडाळ. त्याने विचारलं, "काय मेव्हणे, यंत्राचं कुठवर आलं?" आणि लुबोर भोळेपणाने म्हणाला, "यंत्र जवळजवळ ठरलंय. आता त्यात ग्लायकॉल कुठलं घालायचं, तेवढं ठरवतोय."

फ्लोरियानचा काटा हवेतच थांबला.

ज्याला वाइनची गावं माहीत नाहीत त्याला ते थांबणं कळायचं नाही. चाळीसएक वर्षांमागे सरहद्दीच्या पलीकडे, ऑस्ट्रियात, काही व्यापाऱ्यांनी वाइन गोड आणि दाट लागावी म्हणून तिच्यात ग्लायकॉल ओतलं होतं. गवगवा झाला तेव्हा तिकडच्या भल्या माणसांचीही वाइन कोणी घेईना. इकडे टेकडीवरून त्यांचे मळे दिसतात. तेव्हापासून आमच्याकडे हा शब्द कोणी जेवताना काढत नाही. कोणाची वाइन फारच गोड लागली तर लोक पेला खाली ठेवतात आणि एकमेकांकडे बघतात.

"काय घालणार म्हणालास?" फ्लोरियानने हळू विचारलं.

"बिअरमध्ये नाही, बाबा! नळीमध्ये. नळी वेगळी, बिअर वेगळी." लुबोरने चमच्याने टेबलक्लॉथवर नळीची वेटोळी काढून दाखवली. "आणि हे ते नाहीच. ही दुसरी जात आहे, खाण्याच्या वस्तूंजवळ चालणारी. दुधाच्या कारखान्यातसुद्धा असते."

"नळी फुटली तर?"

"फुटत नाही."

"माझ्या नातीच्या लग्नात ते इख नको." म्हाताऱ्याने काटा ताटात ठेवला. "म्या सांगितलं. संपलं."

"हिवाळ्यात माझ्या ट्रॅक्टरचं पाणी गोठू नये म्हणून घालायला कमी पडलं तर तुझ्याकडून एक बादली नेईन हं, लुबोर," विन्सेन्स म्हणाला आणि आपल्याच विनोदावर इतका हसला की त्याला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लुबोर बिअरमध्ये ट्रॅक्टरचं पाणी घालतो, हे गावभर झालं होतं. दुकानातल्या बाईने लुबोरला पाव देताना काळजीने विचारलं, "तुम्ही स्वतः पिता का हो ती?"

लुबोर दोन दिवस शेडमध्ये नुसता बसून होता. नुसतं पाणी घालावं तर बिअर आंबण्यापुरती गार होईल, पण पुढे मुरवायची तेव्हा पाणी पंपाजवळच गोठेल. ग्लायकॉल घालावं तर सासरा अंगणात पिंप ठेवू देणार नाही. त्याने मन घट्ट केलं आणि ब्लाझेनाला म्हणाला, "सांग आपोलेनाला, बिअर नाही जमत."

तेव्हा ब्लाझेना पदराला हात पुसावेत तशी ॲप्रनला हात पुसत उठली आणि सरळ बापासमोर जाऊन उभी राहिली. लुबोर तिच्या मागे.

"आप्पा, नळी फुटली तर बिअरमध्ये इख जाईल, हीच भीती ना तुम्हाला?"

"व्हय."

"म्हणजे नळीत असं काही असलं, की जे गोठत नाही आणि सांडलं तरी पिता येतं, तर चालेल?"

"चालंल की. पर असं हाय काय?"

"तुम्हीच सांगता ना दर नाताळात, की तुमची आलुबुखाराची दारू एकदा कडाक्याच्या थंडीत रात्रभर अंगणात राहिली आणि गोठली नाही म्हणून?"

फ्लोरियानचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती दारू म्हणजे स्वतःच्या झाडांची आलुबुखारं स्वतः वेचून, गावच्या भट्टीत रांग लावून गाळून आणलेली. कपाटाखाली मोठ्या काचेच्या बरण्यांत तिची वर्षं लावून ठेवलेली होती. मरताना माणूस जे देवाला दाखवील असं काहीतरी. आता नाही म्हणावं तर दर नाताळची फुशारकी खोटी ठरते, आणि हो म्हणावं तर बरण्या जातात.

"लोखंडाला पाजायची म्हणतीस?" तो कसाबसा म्हणाला.

"उसनी, बाबा," लुबोर पटकन म्हणाला. "लग्न झालं की परत."

म्हाताऱ्याने वाकून कपाटाखालच्या बरण्या एकदा मोजल्या. मग म्हणाला, "नव्या बरण्यांतली न्या. आन् म्या रोज येऊन बघणार. एक थेंब कमी झाला तर खबरदार."

आता उरलं यंत्र. लुबोरने ब्रनोच्या दुकानदाराला फोन करून विचारलं, की तुमच्या यंत्रात ग्लायकॉलऐवजी घरगुती आलुबुखाराची दारू चालेल का. तिकडून प्रश्न पुन्हा एकदा विचारायला सांगितला. मग दुकानदार म्हणाला, "साहेब, तुम्ही मोराव्हियातून बोलताय का?" आणि मग म्हणाला, की तसं केलंत तर हमी रद्द. नव्याकोऱ्या यंत्रवाल्यानेही हमी रद्द म्हणून सांगितलं. तलावावरच्या जुन्या यंत्राला हमीच नव्हती. जे नाही ते रद्द कसं होणार? इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच लुबोरला 'हे बरं की हे' विचारावं लागलं नाही. तो गेला आणि दोन टाक्यांचं ते छोटं, गुरगुरणारं धूड घेऊन आला.

दारू पेटीत ओतायच्या दिवशी फ्लोरियान हजर होता. लुबोरने आधी दारू ओतली, मग तिच्यात पाणी घालू लागला, कारण कडक दारू आणि विजेचा पंप यांची दोस्ती फार वाढू देणं बरं नव्हे. पाणी पडताना म्हाताऱ्याने मान फिरवली. घरचं डुक्कर कापताना बायका फिरवतात तशी. पेटीवर लुबोरने खडूने पातळीची खूण केली, झाकण लावलं, आणि यंत्र सुरू झालं.

जुलैच्या सुरुवातीला बिअर टाक्यांत पडली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि शेडमध्ये टाक्यांच्या अंगावर दव जमत होतं. लुबोर सकाळी दुकानात जाण्यापूर्वी एकदा आणि परतल्यावर एकदा यंत्राला हात लावून बघायचा, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.

फ्लोरियानही शब्दाचा पक्का निघाला. जेवण झालं, गाव पेंगायला लागलं, की काठी टेकत तो शेडकडे जायचा. हातात एक चिनी मातीचा मोठा कप असायचा.

"कप कशाला, आप्पा?" ब्लाझेनाने एकदा विचारलं.

"दात ठिवायला. गरमीत टोचत्यात."

लुबोरची खात्री होती, की म्हातारा आपलीच दारू नळी काढून पितो. प्यावी बिचाऱ्याने, त्याचीच आहे, पण यंत्र कोरडं पडलं तर बिअर गेली. म्हणून तो रोज खडूची खूण बघायचा. पातळी जिथल्या तिथे. केसाएवढीही खाली नाही. लुबोरला आपल्या मनाची लाज वाटली. ज्या माणसाबद्दल आपण असा संशय धरला, तो रोज दुपारी उन्हातून फक्त राखण करायला जातो! दुसऱ्या टाकीची चव बघायची तोटी मात्र सारखी ओली दिसायची. लुबोरने तिचा वायसर दोनदा बदलला.

मध्यंतरी बिअरला लोण्याचा वास यायला लागला, तेव्हा त्याचं धाबं दणाणलं. त्याने काही दिवस यंत्र जरा कमी गार ठेवलं, तसा वास गेला. मग त्याने पुन्हा गारवा वाढवला आणि बिअर मुरू दिली. लग्नाच्या आदल्या दिवशी पिंपं भरली, तर शेवटचं पिंप निम्मं रिकामं राहिलं. "माझाच हिशोब चुकला," तो ब्लाझेनाला म्हणाला. ब्लाझेनाने खिडकीतून बाकावर बसलेल्या बापाकडे पाहिलं.

लग्न छान लागलं. नवरा-नवरीसमोर ताटली फोडली, दोघांनी मिळून काचा झाडल्या, दोघांच्या गळ्यात मिळून एकच टॉवेल बांधून त्यांना एका चमच्याने सूप प्यायला लावलं. अक्रोडाखाली लांब टेबलं होती. एका टोकाला फ्लोरियानच्या वाइनचे जग, दुसऱ्या टोकाला बर्फाच्या टबात लुबोरची पिंपं, आणि त्यांच्यामागे पांढराशुभ्र ॲप्रन बांधलेला लुबोर. त्याने पहिले आठ-दहा मग भरून ठेवले. वर दाट, पांढरा फेस.

कोणी आलं नाही.

आपोलेना आली, नवरीच्या वेषात, तिने एक मग उचलून अर्धा संपवला आणि बापाच्या गालाचा मुका घेतला. पण पोरीने बापाची बिअर प्यायली यात कोणाला काय विशेष! नवऱ्याकडची मंडळी लांबून हसून हात करायची आणि वाइनच्या जगाकडे वळायची. विन्सेन्सचा ट्रॅक्टरचा विनोद त्यांच्यापर्यंत पोचता पोचता विनोद राहिला नव्हता. ग्लायकॉल घातलंच नाही हे ब्लाझेना सांगत फिरत होती, पण अफवा घोड्यावरून येते आणि खुलासा मागून लंगडत. गावचे लोक तर सरळ फ्लोरियानकडे बघत होते. ज्याच्या घरचं लग्न, तो घरधनी पीत नाही. मग आपण कशाला विषाची परीक्षा बघा?

भरलेल्या मगांवरचा फेस बसत चालला. लुबोरने ते ओतून दिले आणि ताजे भरले. तेही बसले. तो हसत होता, पण ते हसू चेहऱ्यावर नुसतं टांगलेलं होतं. विन्सेन्सला एवढं अपेक्षित नव्हतं. तो आता कोणाकडेही न बघता पाव कुरतडत होता.

तेव्हा टेबलाच्या डोक्याशी बसलेला फ्लोरियान काठी टेकून उठला. लग्नाचा म्हातारा उठला की भाषण असतं, म्हणून वाजवणारे थांबले. म्हातारा भाषण न करता अंगण ओलांडून चालत पिंपांपाशी गेला. काळ्या कोटाच्या खिशात हात घालून त्याने चिनी मातीचा मोठा कप बाहेर काढला आणि तोटीखाली धरला.

"भर."

लुबोर बघतच राहिला. "बाबा, हा तर दातांचा कप."

"दात तोंडात हायत. भर म्हणतो न्हवं!"

लुबोरने भरला. म्हाताऱ्याने डोळे मिटून तो घटाघटा रिकामा केला, तहान लागलेल्या माणसासारखा, आणि मग सावकाश लोकांकडे वळला. मिशीवर फेस तसाच.

"म्या ही बिअर जुलैपासनं पितोय," तो मोठ्याने म्हणाला. "रोज. तुम्ही झोपता तवा. पहिल्यांदा नुसती गोड होती, पावाच्या पिठावानी. मग मधी तिला लोण्याचा वास सुटला. म्हटलं, गेली पोराची मेहनत. पर लोणी गेलं. आन् गेल्या गुरुवारपासनं जी लागायला लागली..." त्याला पुढचा शब्द सापडेना, म्हणून त्याने कपच वर करून दाखवला. "इख हाय म्हणून म्याच पहिल्यांदा बोललो. चुकलो. इख असतं तर तुम्ही आता माझ्या तेराव्याला आला असता, लग्नाला न्हाई."

मागच्या टेबलावरून कोणीतरी फस्सकन हसलं. मग विन्सेन्स उठला, मान खाली घालून आला आणि म्हणाला, "मला मोठा दे." त्याच्यामागे नवऱ्याकडचे काका आले, काकांमागे बाकीचे. रांग अक्रोडाला वळसा घालून विहिरीपर्यंत गेली. लुबोर भरत होता आणि मधूनच ॲप्रनच्या टोकाने चष्मा पुसत होता. फेस उडतो डोळ्यांत, असं त्याने विचारलेल्याला सांगितलं.

एका हातात वाइनचा पेला आणि दुसऱ्या हातात कप घेऊन म्हातारा शेजारीच उभा होता. लुबोरला राहवलं नाही.

"बाबा, हे बरं की हे?"

"चष्म्याचं दुकान आज बंद ठिवा," म्हातारा म्हणाला, आणि दोन्ही प्यायला.

नाच अजून रंगायचा होता, तोवर तोटीतून नुसता फेस यायला लागला. फ्लोरियानचा कप पुढेच होता.

"संपली?"

"संपली, बाबा."

"इवढीच कशी केली?"

"दोनच टाक्यांचं यंत्र. सगळे म्हणत होते मोठं घे. आणि शेवटच्या पिंपाचं तर तुम्हालाच ठाऊक."

शेवटच्या पिंपाचं म्हाताऱ्याने ऐकलंच नाही. "अर्धं वरीस निवडत बसला आन् बारकंच निवडलं," तो पुटपुटला. मग त्याने जाकिटाच्या खिशात चाचपलं. लुबोरला वाटलं रुमाल काढतोय. त्याने काढली ती तळघराची किल्ली, आणि लुबोरच्या ओल्या तळहातावर ठेवली.

"तळघरात शेवटच्या पिंपामागं जागा हाय. चार टाक्या बसतील. तितं ईज लागत न्हाई आन् गुरगुरत बी न्हाई."

"अहो, पण यीस्ट? तुमची वाइन बाटेल."

"उन्हाळाभर तुझ्या शेडातनं मिशीला फेस घिऊन सरळ तळघरात जातोय. बाटायची ती कवाच बाटली." म्हातारा जायला वळला आणि थांबला. "यंत्रातली माझी दारू उद्या काढून दे. तू घातलेलं पाणी तुझं तू ठिव."

किल्ली जड होती आणि म्हाताऱ्याच्या अंगाची ऊब तिला अजून होती. लुबोरने ती मुठीत घट्ट धरली. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून त्याला जे पहिलं सुचलं ते तो बोलला.

"पण बाबा, तळघराची किल्ली पाव्हण्याच्या हाती देत नसतात ना?"

"न्हाईच देत," म्हातारा म्हणाला, आणि रिकामा कप झटकून त्याने खिशात घातला.